फास्टर फेणेच्या पुण्यात आपली सायकल

फास्टर फेणे हा मराठी वाचणाऱ्या सर्वच घरांचा सामाईक ठेवा आहे. भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, हाडकुळा आहे, सायकल भन्नाट चालवतो आणि तोंडाने ‘टॉक्’ असा आवाज काढतो. आपल्या समाजातील मराठी शाळेत शिकलेल्या वाचकाला एवढी ओळख पुरेशी आहे. घरात दखनी, उर्दू किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलांनाही या सायकलस्वाराने मराठी वाचनाची गोडी लावली आहे.

फेणेची आजवर दोन मोठी रूपांतरे झाली. १९८७ साली दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन फेणे झाला. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात अमेय वाघ फेणे झाला. चित्रपटाने त्याला मोठा करून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरव्यवहाराच्या मागे लावले. दोन्हींत आपले काम एकच, बसून पाहणे. आता समजा, कोणी फेणेचा खेळ करायचे ठरविले तर? येथे मोबाइलवरचा खेळ अभिप्रेत नाही. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसून, फासे टाकीत, बोलत बोलत खेळायचा भूमिकांचा खेळ अभिप्रेत आहे. अशा रूपांतरात प्रेक्षक उरतच नाही. प्रत्येकाला कथेच्या आत एक जागा लागते. म्हणूनच हे रूपांतर मूळ मालिकेची सर्वांत कठोर परीक्षा घेते.

या खेळांची सुरुवात १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून मानली जाते. एकजण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्राचे बळ, चपळाई, हुशारी असे गुण आकड्यांत लिहिलेले असतात. ‘मी भिंतीवरून उडी मारतो’ असे खेळाडू म्हणतो आणि उडी साधली की फसली हे फासा ठरवतो. पुढची गोष्ट त्यावर वळते. शेवट आधी कोणालाच ठाऊक नसतो.

आवडत्या पुस्तकांचे असे खेळ पुष्कळ झाले, आणि त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. खेळाचा नियम ही त्या पुस्तकाची समीक्षाच असते. काय मोजायचे आणि काय सोडून द्यायचे, यात खेळ करणाऱ्याचे वाचन उघडे पडते. टॉल्किनच्या कादंबऱ्यांवर १९८४ साली ‘मिडल-अर्थ रोल प्लेइंग’ हा खेळ आला. त्यात जखमांचे लांबलचक तक्ते होते, तलवार कोठे लागली याचा बारीक हिशेब होता. नकाशे उत्तम होते, पण मूळ कादंबऱ्यांतील थकवा, घराची ओढ आणि मोहाची भीती त्या तक्त्यांत मावली नाही. २०११ साली आलेल्या ‘द वन रिंग’ या खेळाने प्रवासालाच नियम दिले. आशा आणि मनावर पडणारी सावली या दोन गोष्टी त्याने मोजल्या. पुस्तके तीच, पण दुसऱ्या खेळाने ती जास्त चांगली वाचली होती. लव्हक्राफ्टच्या भयकथांवरील ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ (१९८१) या खेळात पात्राच्या मनाचा तोलच आकड्यात मांडला आणि सत्य जितके कळत जाईल तितका तो ढळत जाईल असे ठरवले. लव्हक्राफ्टवरील अख्ख्या लेखाचे काम हा एक नियम करतो.

फेणेच्या खेळात मग काय मोजावे? पटकन उत्तर येईल, वेग. नावातच तो आहे. पण मालिका नीट वाचली तर ध्यानात येते की वेग हे फेणेचे साधन आहे, स्वभाव नव्हे. त्याचा खरा गुण म्हणजे नको तेथे नाक खुपसणे. शेजारी काहीतरी चुकीचे चालले आहे हे दिसल्यावर त्याला स्वस्थ बसवत नाही. तेव्हा आपला संबंध नसताना धावून जाणे, हा फेणेच्या खेळाचा पहिला नियम असायला हवा. जो वेळेवर गप्प बसेल त्याचे गुण कमी व्हावेत.

दुसरी अडचण मोठी आहे. ही मालिका एका मुलाची आहे. सुभाष देसाई सोबत असतो, इतर सवंगडी असतात, पण ऐन क्षणी उडी फेणेच घेतो. वाचताना हे खटकत नाही, उलट त्यातच गंमत आहे. टेबलाभोवती पाच जण बसले आणि एकच फेणे असला, की उरलेल्या चौघांनी काय करायचे?

येथे आपल्या परिचयाच्या दास्तानांकडे पाहावे. ‘दास्तान-ए-अमीर हमजा’ लखनौच्या नवल किशोर छापखान्याने ४६ खंडांत छापली. नायक हमजा असला तरी त्या दुनियेत पहिलवान आहेत, जादूगार आहेत, शहजाद्या आहेत आणि वेष पालटणारे अय्यार आहेत. अमर अय्यारच्या झंबील नावाच्या पिशवीत तर सारी दुनिया मावते. तेथे कोणीही यावे आणि आपला पेशा निवडावा. अशा दास्तानेचा खेळ करायला फारसे कष्ट पडणार नाहीत, ती जवळजवळ खेळच आहे. फेणेची दुनिया मात्र एका सायकलीवर बसलेली आहे. तिचा खेळ करणाऱ्याला फेणेला थोडे बाजूला सारावेच लागेल. तो सुट्टीत फुरसुंगीला गेला आहे आणि पुण्यात काहीतरी घडले आहे, असे मानून सुरुवात करावी. मग उडी घेणारे आपण.

हे ‘आपण’ म्हणजे कोण? आपल्यासाठी खरा प्रश्न हाच आहे. पुस्तक वाचताना मोमिनपुऱ्यातील मुलगा सहज फेणे होत असे. कल्पनेला कोणी पत्ता विचारत नाही. खेळात मात्र कागदावर नाव लिहावे लागते, घर कोठे ते सांगावे लागते, घरी कोण कोण आहे हे ठरवावे लागते. त्या क्षणी हा मुलगा काय लिहील? दुसऱ्याचे नाव घेऊन खेळेल, की स्वतःचे लिहून नायक होईल?

नकाशा येथे मदतीला येतो. चित्रपट दोन दृश्यांच्या मध्ये रस्ता गाळू शकतो. खेळाचा नकाशा तसे करू शकत नाही. फुरसुंगीहून सायकलने जुन्या पेठांत यायचे तर सरळ वाट हडपसर, पुलगेट अशी येते. मग कॅम्प किंवा भवानी पेठ लागते. म्हणजे फेणेच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर आपली वस्ती आधीपासूनच आहे. तेथे एखाद्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढणारा पोरगा, अँग्लो उर्दूच्या मैदानावरचा गोलंदाज किंवा बेकरीची पहाटेची पाळी सांभाळून शाळेला जाणारी मुलगी ही पात्रे बाहेरून आणावी लागत नाहीत. ‘फास्टर फेणेची काश्मिरी करामत’मध्ये पुण्याचा मुलगा पाहुणा म्हणून काश्मिरात जातो. खेळात तेथील मुलगाही खेळाडू होईल आणि कोड्याची उकल त्याच्या हाती येईल.

असे केल्याने भागवतांवर अन्याय होतो का? मला तसे वाटत नाही. लव्हक्राफ्टच्या लेखनात कृष्णवर्णीयांविषयी उघड तिरस्कार आहे. तरीही २०१७ साली क्रिस स्पायव्ही यांनी ‘हार्लेम अनबाउंड’ या पुस्तकात, ज्यांचा लेखकाने तिरस्कार केला त्याच हार्लेमच्या माणसांना त्या भयकथांचे नायक केले. भागवतांच्या बाबतीत अशा भांडणाची गरजच नाही. त्यांचे लेखन मुलांवरील मायेचे आहे. फक्त दार आणखी थोडे उघडायचे आहे.

एक धोका मात्र ओळखला पाहिजे. या खेळांत पूर्वी वंशावरून गुण वाटले जात. अमुक वंशाचा म्हणून बळकट, तमुक वंशाचा म्हणून मंद. यावर बरीच टीका झाली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४च्या नियमपुस्तकात ‘वंश’ हा शब्द काढून ‘प्रजाती’ हा शब्द आला. आपल्याकडे कोणी ‘मुस्लिम पात्र, कुस्तीत दोन गुण जादा’ असा नियम केला तर तो खेळ फेकून द्यावा. सद्भावनेने दिलेला ‘प्रामाणिक दोस्त’ हा शिक्काही तितकाच जाचक आहे. मुलाला नाव, गल्ली आणि घर असावे. त्याचे बळ आणि चुका मात्र त्याच्या स्वतःच्या असाव्यात. त्यालाही कधीकधी भित्रे होण्याची आणि फसण्याची मुभा हवी, नाहीतर तो नायक होणार नाही.

खेळाची शेवटची किल्ली भागवतांनीच ठेवलेली आहे. या गोष्टींत ते स्वतः पात्र म्हणून येतात, आणि येतात ते फेणेचे पराक्रम ऐकून घेणारे म्हणून. मुलाने सांगायचे आणि मोठ्याने विश्वास ठेवून लिहून घ्यायचे, अशी ती रीत आहे. २०१७च्या चित्रपटातही दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने ते भेटतात. खेळाच्या सूत्रधाराने बसायची जागा हीच. ‘मग तू काय केलेस?’ असे विचारायचे आणि मिळालेले उत्तर खरे मानायचे.

आपल्या मुलांना मराठी कथांत जागा नाही, अशी तक्रार आपण वर्षानुवर्षे करतो आणि ती खोटी नाही. पण जागा मिळवण्याचा एक मार्ग आवडत्या पुस्तकाच्या आत शिरून खेळण्याचाही आहे. त्याला एक टेबल, दोन फासे, पुण्याचा नकाशा आणि ऐकून घेणारा एक मोठा माणूस एवढेच लागते. यातील शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मीळ आहे, आणि ती आपल्याच घरातून यायला हवी.