‘बारोमास’मधील एकनाथ : घरातल्या घरात घडणारी हद्दपारी

प्रस्तावना :
मराठी कादंबरीत हद्दपारीचा अनुभव प्रामुख्याने स्थलांतराच्या अंगाने आलेला आहे. अमरावतीत जन्मलेल्या विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीतील हॅर्टा ही हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी आहे. चक्रधर मुंबईस उतरतो. तिला मात्र आपली म्हणून उतरता येईल अशी भूमीच उरलेली नसते. याच वऱ्हाडातील बुलडाणा जिल्ह्याचे कादंबरीकार सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (२००२) या कादंबरीचा नायक एकनाथ तनपुरे याच्यापाशी घर आहे, शेत आहे, माणसे आहेत. तरीही तो एकाकी आहे. या एकाकीपणाने त्याच्यात कोणते परिवर्तन घडते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शिक्षणातून आलेले परकेपण :
एकनाथ एम. ए., बी. एड. झालेला आहे. नोकरीसाठी मागितला जाणारा पैसा कोरडवाहू कास्तकाराच्या घरात नसल्यामुळे पदवी निरुपयोगी ठरते व तो शेतीकडे वळतो. येथे ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकराची आठवण होणे स्वाभाविक आहे. पांडुरंग पदवी न घेता पुण्याहून गावी परततो. एकनाथ पदवी घेऊनही गावातच अडकतो. पांडुरंगाचा एकटेपणा बव्हंशी अस्तित्वविषयक प्रश्नांतून येतो, तर एकनाथाच्या एकटेपणाला नापिकी, कर्ज व बेकारी यांचा भक्कम आधार आहे. सुभानराव व शेवंतामाय यांच्या लेखी तो शिकून वाया गेलेला मुलगा ठरतो आणि नोकरीच्या जगाला त्याची गरज नसते. धाकटा भाऊ मधू नोकरीसाठी शेत विकण्याचा आग्रह धरतो, तेव्हा एकनाथाला त्यात स्वतःचाच भूतकाळ दिसावा, अशी ही रचना आहे.

एकाच छताखालचे दोन वनवास :
कादंबरीतील सर्वांत अर्थपूर्ण संबंध एकनाथ व त्याची पत्नी अलका यांचा आहे. अलका शिकलेली, शहरी वळणाची. नवरा नोकरीला लागेल ही तिची आशा मावळते आणि राबत्या शेतकरी घरात ती उपरी होते. तिचे चिडणे, सासूशी खटके उडणे आणि अखेर माहेरी जाणे याकडे केवळ तिच्या स्वभावाचा दोष म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. वस्तुतः एकनाथ व अलका दोघेही एकाच अपेक्षाभंगातून हद्दपार झालेले आहेत. परंतु समदुःखी असूनही ती परस्परांना ओळखू शकत नाहीत. एकनाथाला आईवडिलांचे दुःख उमजते, जमिनीचे उमजते. पत्नीचे मात्र पुरेसे उमजत नाही. एकाकीपण त्याला संवेदनशील करते, तसेच स्वतःच्या दुःखात बंदिस्तही करते. कादंबरीचा भर एकनाथाच्या जाणिवेवर असल्यामुळे अलकेचा वनवास वाचकाला बराचसा बाहेरूनच पाहावा लागतो, ही मर्यादाही नोंदविली पाहिजे.

परिवर्तनाचे स्वरूप :
आरंभी एकनाथाचा एकाकीपणा हा बेकाराचा वैयक्तिक सल आहे. क्रमाने तो व्यापक होतो. वडिलांची हतबलता, आईचे काबाडकष्ट, भावाची तगमग यांमागे एकच व्यवस्था उभी आहे, हे त्याला कळू लागते. मात्र हे कळणे त्याला कृतीचे बळ देत नाही. जाण वाढते आणि नाती विरत जातात, हाच त्याच्या व्यक्तिरेखेचा शोकात्म गाभा होय. संवादांतील वऱ्हाडी बोलीमुळे तर हे परकेपण अधिकच बोचते. कारण एकनाथ परका होतो तो आपल्याच बोलीच्या माणसांत.

निष्कर्ष :
१) ‘बारोमास’मधील हद्दपारी भौगोलिक नसून सामाजिक व कौटुंबिक आहे.
२) एकाकीपणामुळे एकनाथाची समज वाढते, परंतु सर्वांत जवळच्या व्यक्तीच्या दुःखापर्यंत ती पोहोचत नाही.
३) २००४ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने सन्मानित झालेली ही कादंबरी केवळ शेतकरी-समस्येचा दस्तऐवज म्हणून वाचल्यास तिच्यातील माणूस निसटतो. शेती तोट्यात गेल्यावर पिकाबरोबर घरातील संवादही करपतो, हे ती एकनाथ-अलका यांच्या नात्यातून दाखवून देते.