यकृताच्या दुर्मीळ कर्करोगाचे निदान आणि जनुकीय खूण : एक चिकित्सा

प्रस्तावना :
यकृताचा कर्करोग म्हटला की मद्यपान, 'ब' व 'क' प्रकारची कावीळ आणि सिरॉसिस यांचा विचार प्रथम होतो. फायब्रोलॅमेलर कर्करोग या चौकटीत बसत नाही. तो प्रामुख्याने किशोर व तरुण वयात, अन्यथा निरोगी यकृतात उद्भवतो. रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीनही बहुधा वाढलेले नसते. १९५६ मध्ये प्रथम वर्णिलेल्या या रोगाचे निदान दीर्घकाळ केवळ ऊतीच्या सूक्ष्मदर्शकीय स्वरूपावर अवलंबून होते.

विवेचन :
२०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांचा निबंध 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या रोगातून गेलेली एलाना सायमन ही विद्यार्थिनी त्याच्या सहलेखकांत होती. तपासलेल्या पंधराही गाठींत १९ व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळून डीएनएजेबी१ व पीआरकेएसीए ही जनुके जोडली गेल्याचे आढळले. लगतच्या निरोगी ऊतीत हा बदल नव्हता. निदानाला वस्तुनिष्ठ आधार मिळाला, हे या निबंधाचे मोठे श्रेय होय.

तथापि, १५ गाठींवरून ही खूण या रोगात सातत्याने आढळते, एवढेच म्हणता येते. ती अन्यत्र नसतेच, असे म्हणता येत नाही. २०२० मध्ये स्वादुपिंड व पित्तनलिकेतील एका वेगळ्या प्रकारच्या गाठींतही हेच संयुक्त जनुक सापडले. उलटपक्षी, कार्नी संकुल या आनुवंशिक विकाराशी निगडित काही फायब्रोलॅमेलर गाठींत ते आढळत नाही. तेथे पीआरकेएआर१ए जनुकाचे कार्य लोपलेले असते. म्हणून खुणेचा अर्थ गाठीचे स्थान व ऊतीचे स्वरूप यांच्यासह लावणे अपरिहार्य ठरते.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एखाद्या तरुणाच्या दृष्टीने या चर्चेला व्यावहारिक महत्त्व आहे. शस्त्रक्रिया हाच या रोगावरील मुख्य उपचार असल्याने निदानातील विलंब घातक ठरू शकतो. शेजारच्या मिरजेला वैद्यकसेवेची शतकाहून अधिक परंपरा आहे. ही जनुकीय चाचणी बायोप्सीच्या मेणात जतन केलेल्या ऊतीवर करता येते. त्यामुळे चाचणीची सोय दूरच्या प्रयोगशाळेत असली तरी नमुना तेथे पाठविता येतो. त्यासाठी रुग्णाने प्रवास करण्याची आवश्यकता नसते. मात्र सिरॉसिस नसलेल्या तरुणाच्या यकृतात गाठ दिसताच ही शंका घेणारा चिकित्सक व विकृतिशास्त्रज्ञ स्थानिक पातळीवर असावा लागतो.

निष्कर्ष :
जनुकीय खूण निदानास बळकटी देते. परंतु तिची चाचणी मागविण्याचा निर्णय आणि तिच्या निष्कर्षाचा अर्थ, या दोन्ही बाबी वैद्यकीय विवेकावरच अवलंबून राहतात. चाचणीच्या उपलब्धतेइतकेच या विवेकाचे प्रशिक्षणही महत्त्वाचे आहे.