वरातीचा बँड, तिकीट काढून

गावाकडे लग्नासाठी बँड ठरवताना आपण काय विचारतो? माणसं किती, नवी गाणी येतात का, आणि शेवटी किती कमी करणार. लाल डगले घातलेली ती माणसं उन्हात घामाघूम होऊन ट्रम्पेट फुंकतात, वऱ्हाड त्यांच्यापुढे नाचतं, पण त्यांना ऐकत कुणीच नाही. पुण्यात विसर्जनाला प्रभात किंवा दरबार बँड आला की घटकाभर थांबणारे रसिक असतात, पण ते अपवाद. ब्रुकलिनच्या सनी जैनने २००८ साली याच वरातीचा ‘रेड बरात’ नावाचा बँड केला, आणि आता ती वरात ऐकायला आपण अमेरिकेतली मराठी माणसं डॉलर मोजून रांगेत उभी राहतो. घासाघीस न करता!

सनी जैन पंजाबी घरातला, अमेरिकेत वाढलेला, मूळचा जॅझ ड्रमर. त्याने गळ्यात ढोल अडकवला आणि भोवती ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, ड्रमसेट जमवले. खर्जाला बास गिटार नाही. तिथे सूझाफोन, म्हणजे वाजवणाऱ्याच्या अंगाभोवती वेटोळं घालून डोक्यावर भोंगा काढणारं ते अवाढव्य वाद्य. हा न्यू ऑर्लिन्सचा धागा. तिथेही बँडमागे लोक रस्त्याने नाचत निघतात, आणि पितळी वाद्यं तिथेही आपल्यासारखीच लष्करी बँडांच्या वाटेने रस्त्यावर आली. त्यामुळे भांगडा, जॅझ आणि फंक यांची ही मोट ओढूनताणून बांधलेली वाटत नाही.

‘रेड बरात’च्या कार्यक्रमाला जायच्या आधी त्यांचे ‘चाल बेबी’ (२०१०) आणि ‘श्रगी जी’ (२०१३) हे अल्बम कामावर जाता-येता गाडीत ऐकत होतो. मला खरी गंमत वाटली ती तळाच्या आवाजांची. ढोलाची एक बाजू जाड, वाकड्या डग्ग्याने वाजते, दुसरी बारीक, लवचिक तिल्लीने. डग्गा आणि सूझाफोन दोघंही खालच्या पट्टीतले, म्हणजे एकमेकांच्या पायात पाय अडकायलाच हवेत. तसं होत नाही. डग्ग्याचा ठोका पडतो आणि विरतो, सूझाफोन उरलेली जागा फुंकेने भरतो. वर तिल्ली आपली तडतडत असते. हे गाडीत फार स्वच्छ कळलं. प्रत्यक्ष गर्दीत इतकं बारीक ऐकू येत नाही, म्हणून आधी ऐकून जाण्याचा फायदाच झाला.

एनपीआर या अमेरिकन रेडिओच्या ‘टायनी डेस्क’ मालिकेतला त्यांचा २०१२ चा कार्यक्रमही पाहून ठेवला होता. ऑफिसातल्या एका टेबलामागे एवढी पितळ दाटीवाटीने उभी! पुढे ‘भांगडा पायरेट्स’ या अल्बममध्ये (२०१७) गिटार आली, ढोलावर इलेक्ट्रॉनिक संस्कार आले. मला मात्र आधीचा कातडं-पितळेचा उघडा आवाज जास्त भावतो.

प्रत्यक्ष कार्यक्रमात जे दिसलं ते अल्बममध्ये नव्हतं: दम. फुंकणारा माणूस दमतो, त्याला थांबावं लागतं. ओठ पुसत ट्रम्पेटवाले मागे सरले की एकटा ढोल उरतो, आणि नेमक्या त्या जागी सभागृह टाळ्यांनी ठेका धरतं. माझ्या शेजारी टाय सैल केलेले एक गोरे आजोबा दोन्ही हात वर करून खांदे उडवत होते. त्यांना हे कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. वरातीत कुणी कुणाला शिकवतं का?

इथल्या आपल्या मराठी मंडळाचं ढोल-ताशा पथकही दरवर्षी गणपतीत वाजवतं, छानच वाजवतं. त्यातली काही मुलं शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतात, एकजण तर सूझाफोनच. ती वाद्यं मिरवणुकीला घेऊन या, असं त्यांना आजवर कुणी म्हटलेलं नाही. येत्या गणपतीला म्हणायला हवं, फक्त टाउनशिपची परवानगी जरा लवकर काढावी लागेल.