मातीकडे परतणारी तिसरी पिढी

घराण्याच्या तीन-चार पिढ्यांची हकीकत सांगणाऱ्या कादंबऱ्या आपल्या इंग्रजी वाचणाऱ्या सुशिक्षित वर्गास नवीन नाहींत. गॉल्सवर्दीचे फॉरसाइट लोक आपल्या परिचयाचे आहेत. टॉमस मानची १९०१ सालची ‘बुडेनब्रुक्स’ही भाषांतराच्या द्वारें आपल्या कपाटांत येऊन बसली आहे. पण बेळगांवच्या पलीकडे आपल्याच शेजाऱ्यांनीं काय लिहून ठेवलें आहे, याची विचारपूस करण्याची चाल आपल्यांत फारशी नाहीं. म्हणूनच शिवराम कारंतांच्या ‘मरळि मण्णिगे’ या कानडी कादंबरीचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

कारंत (१९०२–१९९७) हे मूळचे कोट या गांवचे. ही कादंबरी १९४० नंतर लौकरच प्रसिद्ध झाली. नांवाचा अर्थ ‘पुन्हां मातीकडे’ असा होतो, आणि ती माती कोटाच्याच परिसरांतली, समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीची आहे. १८६२ सालीं उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यास जोडण्यांत आला. दक्षिण कानडा मात्र मद्रासेकडेच राहिला. त्यामुळें या कथेंतील नातू उच्च शिक्षणासाठीं मद्रासेस जातो यांत नवल नाहीं.

कथानक थोडक्यांत असें : राम ऐताळ हा भिक्षुकी व शेती करणारा ब्राह्मण. पहिली पत्नी पार्वती हिला मूल नाहीं, म्हणून तो सत्यभामेशीं दुसरा विवाह करितो. तिचा मुलगा लच्च. शेजारच्या शीन मय्यांच्या घरांत बंगळूरच्या हॉटेलांतून पैसा येऊं लागतो. त्या चढाओढींत ऐताळ मुलास इंग्रजी शिक्षण देण्याचें ठरवितो. लच्च कुंदापुरास शिकावयास जातो आणि बिघडतो. व्यसनांनीं ओढवून घेतलेला रोग तो आपल्या पत्नीस, नागवेणीस, देतो आणि घरची मिळकत धुळीस मिळवितो. त्यांचा मुलगा, आजोबांचें नांव धारण करणारा राम, मद्रासेस शिकतो, स्वातंत्र्याच्या चळवळींत पडतो, तुरुंग भोगतो, बेकारी भोगतो आणि अखेर आईकडे व जमिनीकडे परत येतो.

कोणी म्हणेल, यांत नवें काय? बाप मिळवितो, मुलगा उधळतो, नातू सांवरतो, हा तर कथेकऱ्यांचा जुना सांचा आहे. परंतु पुस्तक वाचीत असतां या सांच्याचें भान राहत नाहीं, आणि त्याचें कारण घरांतील स्त्रिया हें होय. पार्वती आणि ऐताळाची विधवा बहीण सरस्वती या दोघी भर पावसांत शेतांत राबतात, सरपण गोळा करितात, वर्षाची बेगमी करितात. कारंत त्यांच्या कष्टांवर अश्रू ढाळीत बसत नाहींत. काम कसें होतें तें ते सांगतात, इतकेंच. नणंद-भावजय म्हटल्या कीं भांडण, ही आपल्या कादंबरीकारांची ठरीव समजूत. येथें त्या दोघींचा जिव्हाळा हाच घराचा मुख्य वासा आहे. पुढें नागवेणीचा आधारही हीच सरस्वती होते. मुलें जिच्या पोटचीं नाहींत, जमीन जिच्या नांवावर नाहीं, अशी ही बाई घराण्याच्या इतिहासांत खरी कर्ती ठरते.

इंग्रजी शिक्षणाची जी वासलात कारंतांनीं लाविली आहे, ती आम्हां शिक्षकांस झोंबणारी आहे. लच्च बिघडला तो शिकल्यामुळें असें लेखक म्हणत नाहीं. तसें असतें तर रामही बिघडावयास हवा होता. दोष दिसतो तो बापाच्या हेतूंत. ऐताळास विद्या नको होती, शेजाऱ्यावर मात हवी होती. हातानें काम करण्यापासून सुटका म्हणजे शिक्षण, ही जी समजूत त्यानें घरांत आणिली, तिचेंच फळ त्याला मिळालें. आजही पुष्कळ घरांत हीच समजूत नांदत नाहीं काय?

मानच्या कादंबरींत घराण्याची व्यापारी धडाडी आटत जाते, आणि अखेरचा संगीतवेडा हान्नो कोवळ्या वयांत मरतो. कलेची जाणीव हें तेथें ऱ्हासाचें लक्षण आहे. कारंतांचा रामही हळव्या, कलासक्त मनाचा. पण तो जगतो आणि नांगर धरतो. हा शेवट मनास सुखावतो, आणि नेमकें त्यामुळेंच त्याच्याविषयीं थोडी शंका घ्यावीशी वाटते. आजी आणि आई यांच्या वांट्यास जें अपरिहार्यपणें आलें, तें नातवानें पसंत करून पत्करलें. दोहोंत अंतर आहे. आणि शेवटच्या प्रकरणांतील उत्साहांत तें अंतर पुरेसें दिसत नाहीं.

दुसरी शंका याहून गंभीर आहे. मातीकडे परतावयास ती एकदां आपली असावी लागते. हें सत्य कारंतांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. १९३३ च्या ‘चोमन दुडि’ या लहानशा कादंबरींत त्यांनींच त्या अस्पृश्य वेठबिगाराची कथा सांगितली आहे, ज्याला स्वतःची जमीन कसण्याची एकच आस आहे आणि जातीमुळें ती कधींच मिळत नाहीं. ऐताळांच्या विस्तीर्ण चरित्रांत हा चोम कडेला पडला आहे. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजेच एका गांवाचें चित्र पुरें होतें.

इतकें असूनही ही कादंबरी थोर आहे, असेंच आमचें मत आहे. तीन पिढ्यांचें आयुष्य कष्ट, पाऊस आणि कर्ज यांच्या हिशेबानें मोजणारें इतकें प्रामाणिक पुस्तक सहसा वाचनांत येत नाहीं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील आपलीं कुलुपबंद घरें ज्यांस सुट्टींत आठवतात, त्यांनीं तर तें अवश्य वाचावें. ‘शेवटीं गांवींच जाऊं’ असें बोलणाऱ्या पुरुषांनीं राम ऐताळाच्या नातवाकडे पाहावें, परंतु त्याआधीं सरस्वतीकडे पाहावें. कारण तो परतला तेव्हां परतावयास कांहीं शिल्लक होतें, तें तिनें आणि नागवेणीनें राखिलें म्हणून.