‘कल्पक’ शब्दाचे मूळ आणि मोल

अलीकडे मराठीत ‘जुगाड’ हा हिंदी शब्द चांगलाच रुळला आहे. त्याच्याबद्दल तक्रार नाही. हाताशी असेल त्यावर वेळ निभावून नेण्याला तो नेमका लागू पडतो. तक्रार आहे ती आपल्याच ‘कल्पक’ या शब्दाच्या संकोचाबद्दल. निबंधात रम्य चित्रे रंगविणारा विद्यार्थी आपण कल्पक ठरवितो. बंद पडलेले यंत्र चालते करणाऱ्याच्या वाट्याला मात्र ‘जुगाडू’ हे विशेषण येते.

शब्दाचा इतिहास या वाटणीला अनुकूल नाही. ‘कल्पक’, ‘कल्पना’, ‘संकल्प’ व ‘क्लृप्ती’ ही सारी एकाच धातूची रूपे. पाणिनीय धातुपाठात त्या धातूचा अर्थ ‘सामर्थ्य’ असा दिला आहे. योग्य होणे, जुळणे, सिद्ध करणे हे अर्थ त्याच्याशी सुसंगतच आहेत. ‘क्लृप्त’ हे विशेषण संस्कृतात कापून नीट केलेल्या केसांना व नखांनाही लागते. ‘कल्पक’ म्हणजे न्हावी असाही अर्थ तेथे आढळतो, आणि पालीतील ‘कप्पक’ तोच होय. तेव्हा कल्पकता केवळ मनात वसत नाही. तिला हातही आहेत.

वडोदऱ्याच्या वाचकास हा अर्थ परका वाटू नये. येथे 1890 साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने व त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन स्थापन झाले. तेथे शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडीथोडी चित्रित केली आणि ती चित्रफीत दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळविले. साधन तुटपुंजे होते, म्हणून याला जुगाड म्हणावे काय? येथे वेळ मारून नेलेली नाही. धिमेपणाने एक नवे माध्यम समर्थ केले आहे. धातूचा मूळ अर्थ तो हाच.

1931 साली येथूनच ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रसिद्ध झाला. राज्यकारभाराच्या इंग्रजी संज्ञांपुढे अनेक भाषांतील पर्याय मांडून त्यांतून योग्य शब्द निवडण्याचा तो उद्योग होता. त्याच्या नावातील ‘कल्प’ही याच कुळातला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

‘जुगाड’ मराठीत सुखाने नांदो. परंतु ज्या कामात तात्पुरती सोय नसून सिद्धी आहे, त्याला ‘कल्पक’ म्हणण्यास शिक्षकांनी कचरू नये. शब्द आखडला की त्याने गौरवावयाची माणसेही नजरेआड होतात.