सातचा भोंगा : परंपरानिष्ठ प्रेक्षकाच्या अभिरुचीविषयी

१

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी परंपरानिष्ठ प्रेक्षक जे बोलतो, त्याकडे मराठी समीक्षा एक तर दुर्लक्ष करते किंवा ‘नीतिवादी तक्रार’ अशा दोन शब्दांत त्याची वासलात लावते. साहित्यकृतीच्या संदर्भात वाचकाच्या प्रतिसादाला सैद्धांतिक प्रतिष्ठा मिळाली. याउसची ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना विद्यापीठीय वर्गांत रुळली. पण साताऱ्यातील किंवा सांगलीतील एखाद्या घरात मालिका पाहता पाहता ‘हे घरात बसून पाहण्यासारखं नाही’ असे जो म्हणतो, त्याचे विधानही अशाच एका क्षितिजाची खूण आहे, हे मानायला समीक्षक सहसा तयार नसतो.

हे विधान नीट वाचले पाहिजे. त्यातील निर्णायक पद ‘पाहण्यासारखं’ हे नसून ‘घरात बसून’ हे आहे. तेच दृश्य तोच प्रेक्षक एकटा असताना निमूटपणे, कदाचित आवडीनेही पाहील. या विसंगतीला दांभिकता म्हणणे सोपे आहे. परंतु तसे म्हटल्याने तिचा उलगडा होत नाही. वस्तुतः येथे कृतीचे मूल्यमापन होतच नाही. मूल्यमापन होते ते कृतीभोवती जमलेल्या माणसांच्या परस्परसंबंधांचे. सासऱ्यासमोर सुनेने, बापासमोर मुलीने काय पाहावे, हा या अभिरुचीचा मूळ प्रश्न आहे. परंपरानिष्ठ प्रेक्षक संहितेचा समीक्षक नसून बैठकीचा समीक्षक आहे. हा भेद लक्षात घेतला नाही, तर त्याला दिलेले प्रत्येक उत्तर चुकीच्या पत्त्यावर जाते.

२

या निकषाला दीर्घ पूर्वपरंपरा आहे. नाट्यशास्त्रातील सामान्याभिनयाच्या विवेचनात भरताने शयन, चुंबन, आलिंगन यांसारख्या गोष्टी रंगभूमीवर वर्ज्य ठरवल्या आहेत. त्यासाठी दिलेले कारण मार्मिक आहे : नाटक हे पिता, पुत्र, सून आणि सासू यांनी पाहावयाचे असते. भरत येथे त्या क्रियांना अनैतिक म्हणत नाही. त्याचा युक्तिवाद प्रेक्षागृहात शेजारी कोण बसले आहे, यावर उभा आहे. दिवाणखान्यातील आजचा आक्षेपक भरताचा हाच युक्तिवाद, भरताचे नावही न घेता, चालवीत असतो.

‘शोभत नाही’ हे त्याचे दुसरे आवडते पद. त्यात औचित्यविचाराचा लौकिक अवशेष दिसतो. परंतु क्षेमेंद्राचे औचित्य प्रामुख्याने कृतीच्या अंतर्गत घटकांचे आहे; पद, अलंकार, रस यांचा परस्परांशी मेळ असावा, अशी त्याची अपेक्षा आहे. प्रेक्षकाचे औचित्य कृतीबाहेरचे, प्रसंगाचे व नात्यांचे आहे. त्यामुळे ‘कथेची ती गरज होती’ हे निर्मात्यांचे ठरलेले उत्तर क्षेमेंद्राला कदाचित पटले असते. या प्रेक्षकाला ते पटत नाही, कारण त्याची हरकत कथेच्या गरजेबद्दल नसतेच.

भरताच्या यादीकडे पुन्हा पाहिले असता आणखी एक उलथापालथ जाणवते. सासू आणि सून तेथे प्रेक्षक आहेत. दूरचित्रवाणी मालिकेत त्या पात्रे झाल्या. जी नाती प्रेक्षागृहात मर्यादा घालीत होती, तीच पडद्यावर कथावस्तू बनली. परंपरानिष्ठ प्रेक्षकाची अस्वस्थता केवळ शृंगारदृश्यांपुरती नाही, याचे कारण येथे आहे. घरातील सासूसमोर घरातील सून पडद्यावरील सासूचे कारस्थान पाहते, तेव्हा बैठक स्वतःचेच रूपांतर पाहत असते.

३

या अभिरुचीला जो भूतकाळ आदर्श वाटतो, तो तपासण्यास सातारा-सांगलीचा प्रदेश विशेष उपयुक्त आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. सांस्कृतिकदृष्ट्या हा पट्टा एकमेकांत गुंतलेला आहे. १८४३ साली सांगली संस्थानात विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ झाले. पौराणिक विषय आणि राजाश्रय या दोहोंमुळे हा प्रयोग परंपरानिष्ठ स्मृतीत निर्वेधपणे बसतो. परंतु सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ (१८९९) तसे बसू नये. कारण जरठ-कुमारी विवाहाच्या तत्कालीन रूढीवरच ते आघात करते. तरीही आज ते ‘आपल्या जुन्या, सात्त्विक नाटकां’मध्ये गणले जाते. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांनी कुलकर्णीपण सोडून तमाशाचा फड धरला आणि पवळेसह तो गाजवला. त्यांच्या समाजाला ते मानवले नाही; आज मात्र त्यांची लावणी हा प्रादेशिक अभिमानाचा विषय आहे.

यावरून ‘परंपरानिष्ठांचा आदर्श हा कालचाच वाद असतो’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. ‘शारदा’ने किंवा लावणीने प्रेक्षक बदलला, हे खरे, परंतु त्या दोन्हींची बैठक घराबाहेर होती. नाटकाला जावे लागे. तमाशाला कोण जाणार आणि कोण नाही, हे गाव ठरवीत असे. दूरचित्रवाणीने हा उंबरठाच पुसला. १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ प्रक्षेपित झाले, तेव्हा उंबरठा पुसला गेल्याचे कोणाला खुपले नाही, कारण आत आलेला पाहुणा देवच होता. उपग्रह वाहिन्यांच्या काळात पाहुणे बदलले आणि मग दार कोणी उघडे ठेवले, याचा शोध सुरू झाला. १९९४ च्या केबल नियमांतील कार्यक्रमसंहितेने सुरुची आणि सभ्यता यांना बाध आणणाऱ्या कार्यक्रमांना मनाई केली. म्हणजे शासनाने बैठकीच्या प्रश्नाला आशयाच्या नियमनाचे उत्तर दिले.

पुढे या प्रदेशापुढे आणखी एक प्रश्न उभा राहिला. ‘लागिरं झालं जी’ (२०१७–२०१९) या मालिकेने साताऱ्याची बोली आणि फौजी होण्याचे स्वप्न घरोघरी नेले. ‘देवमाणूस’ने (२०२०) याच परिसरात खुनी डॉक्टर उभा केला. पहिलीतील गाव ‘आमचे’ आणि दुसरीतील ‘बदनामी’, असे म्हणणारा प्रेक्षक स्टुअर्ट हॉलच्या परिभाषेत विरोधी वाचन करीत असतो. हॉलच्या १९७३ च्या मांडणीचा उपयोग बहुधा वर्चस्वाला डावीकडून होणाऱ्या प्रतिकारासाठी केला गेला. संहितेचा अभिप्रेत अर्थ ओळखून तो नाकारण्याची क्षमता उजवीकडेही तितकीच तल्लख असते, हे हा प्रेक्षक दाखवून देतो.

४

या सर्व चर्चेला वेगळे वळण देणारी घटना कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे घडली. सुमारे तीन हजार वस्तीचे हे गाव शेतकऱ्यांचे आणि साखर कारखान्यातील कामगारांचे. टाळेबंदीत शाळा बंद होत्या, अभ्यासासाठी मुलांच्या हाती मोबाईल आले. शाळा उघडल्यावरही ते सुटेनात. ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठरवले की संध्याकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद राहतील.

या निर्णयात एकाही मालिकेचे नाव नव्हते. कोणते दृश्य अश्लील, कोणती भाषा अशुद्ध, कोणते चित्रण गावाची बदनामी करणारे, याचा त्यात विचारच नाही. ‘रामायण’ लागले असते, तरी भोंग्याने तेही थांबवले असते. परंपरानिष्ठ अभिरुचीचा जो गाभा एरवी आशयाच्या तक्रारींखाली झाकलेला असतो, तो येथे प्रथमच उघडा पडला : हवी असते ती बैठक. शासनाच्या संहितेला जे कळले नाही ते गावाला कळले, असे म्हणता येईल. शिवाय सेन्सॉरशिप आणि सामूहिक संयम यांतील फरकही येथे स्पष्ट होतो. पहिली ‘काय’ पाहावे हे ठरवते, दुसरा ‘केव्हा पाहू नये’ एवढेच म्हणतो.

तथापि, येथेच समीक्षेने थांबून विचारले पाहिजे की ही वेळ कोणाची होती. मराठी वाहिन्यांवर मालिकांचा मुख्य ओघ संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू होतो आणि त्याचा आधार प्रामुख्याने स्त्री-प्रेक्षक आहे. मोबाईल साडेआठनंतर जसाच्या तसा हाती घेता येतो. सातची मालिका मात्र सातलाच असते. त्या काळातील वृत्तांनुसार, कल्पना प्रथम मांडली गेली तेव्हा पुरुषांनी ती हसण्यावारी नेली. गावातील स्त्रियांनी आपण मालिका फार पाहतो हे मान्य केले आणि त्यांच्या संमतीने निर्णय पुढे सरकला. त्यांची संमती खरी मानली पाहिजे; तिला केवळ दबाव म्हणणे हा त्यांच्या विचारशक्तीचा अवमान ठरेल. परंतु कबुली एका बाजूने यावी आणि हसू दुसऱ्या बाजूने, ही वाटणीही नोंदवली पाहिजे. सून व सासू भरताच्या यादीत प्रेक्षक होत्या, मालिकेत पात्रे झाल्या. वडगावात त्या, आपला प्रेक्षकपणा सोडण्याच्या अटीवर, प्रथमच त्या बैठकीच्या सहनिर्मात्या झाल्या.

५

परंपरानिष्ठ प्रेक्षकाशी वाद घालावयाचा तर तो या ठिकाणी घातला पाहिजे. मालिका निर्दोष आहे हे सिद्ध करून त्याला उत्तर मिळत नाही. त्याचा भूतकाळ काल्पनिक आहे हे दाखवूनही पुरते मिळत नाही. ज्या बैठकीचे तो रक्षण करू पाहतो तिच्यात संकोच कोणी बाळगायचा, उठून स्वयंपाकघरात कोणी जायचे आणि दूरनियंत्रक कोणाच्या हाती असायचा, हे त्याला विचारले पाहिजे. त्याच वेळी समीक्षेनेही एक गोष्ट त्याच्याकडून घेण्यासारखी आहे. कृती एकांतात वाचली जाते, हे आधुनिक समीक्षेचे न तपासलेले गृहीतक आहे. चार माणसांत पाहिलेली कृती निराळी असते, हे या प्रेक्षकाला पक्के ठाऊक आहे. ती निराळी कशी असते, हे सांगण्याची जबाबदारी समीक्षेची होती आणि ती तिने अद्याप पार पाडलेली नाही.