भूकंपानंतरचे बळकटीकरण : किल्लारीच्या अनुभवाची चिकित्सा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने व्यापक पुनर्वसन कार्यक्रम राबविण्यात आला. त्यातील नव्या वसाहतींचा विचार बाजूला ठेवून, जुन्या घरांच्या बळकटीकरणाचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम घरे का कोसळली ते पाहू. दोन फुटांहून जाड भिंत बाहेरून एकसंध दिसे. प्रत्यक्षात ती मातीत रचलेल्या दगडांचे दोन पदर व मधली चिपा-मातीची भर एवढीच होती. पदरांना सांधणारे आरपार दगड क्वचितच असत. हादऱ्याने पदर विलग झाले व माळवदाची माती अंगावर आली. काही घरांत मात्र लाकडी सांगाडा उभा राहिला आणि केवळ भिंती ढासळल्या. यावरून दोष दगडाचा नसून बांधणीचा होता, हे स्पष्ट होते.

यावरील उपाय ज्ञात होते. दुरुस्ती व बळकटीकरणाविषयीचे भारतीय मानक १३९३५ हे १९९३ मध्येच प्रसिद्ध झाले. भिंतीला आरपार भोके पाडून त्यांत आकडीदार सळई व काँक्रीट भरणे, छताखाली जाळी-सिमेंटचा सलग पट्टा फिरविणे, माळवदावरील माती कमी करणे, ही कामे स्थानिक गवंड्याच्या आवाक्यातील होती.

तथापि ५२ गावे स्थलांतरित झाली, आणि मूळ जागी राहिलेल्या अनेक कुटुंबांनी मिळालेली रक्कम जुनी भिंत सांधण्याऐवजी नवी खोली बांधण्यास वापरली. ज्या भिंतीखाली आप्त गाडले गेले तिच्यावर पुन्हा विश्वास ठेवणे सोपे नव्हते. त्यामुळे याबद्दल लोकांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. परंतु नव्या खोलीलगतची जुनी भिंत तशीच राहिली, तर धोकाही तसाच राहतो.

भूकंपापूर्वी हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेत तो विभागच रद्द झाला व किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला. ही दुरुस्ती आवश्यकच होती. मात्र नकाशा बदलल्याने उभ्या भिंतीत एकही सांधा बसत नाही. म्हणून यशाचा निकष बांधलेल्या खोल्यांची संख्या हा नसून वापरातील किती भिंती सांधल्या गेल्या, हा असावयास हवा. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विभागांनी आपापल्या तालुक्यातील जुन्या दगडी घरांची व शाळांची पाहणी विद्यार्थ्यांकरवी केल्यास या निकषाला प्रत्यक्ष आधार मिळू शकेल.